चोविसांतला एकोणिसावा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



यंदाच्या जयंती अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असं मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी काही कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागं जमा-नावे करण्यात गेलं. पण दिवाळीच्या सुटीत नातवंडांना घेऊन नाणेघाटात गेलो होतो, आणि तिथं जे पदरात पडलं ते एकट्यानं ठेवून घेणं बरं नव्हे, म्हणून लिहायला बसलो. त्यात माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

आपल्या सगळ्यांना अवधूताचे चोवीस गुरू ठाऊक आहेत. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात ती कथा येते. यदुराजाला वाटेत एक तेजस्वी अवधूत भेटतो. राजा विचारतो, "महाराज, तुमच्यापाशी काही नाही, तरी तुम्ही एवढे आनंदात कसे?" अवधूत म्हणतो, "राजा, मी चोवीस गुरू केले, त्यांच्याकडून शिकलो." आणि यादी सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला, कुरर पक्षी, लहान मूल, कुमारी, बाण करणारा, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. तो अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी संप्रदायाची श्रद्धा. याच अकराव्या स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका केली, आणि नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी स्वतः दत्तोपासक होते, हेही आपण जाणतो.

आता ही यादी नीट पाहा. यात एकही मठाधिपती नाही, एकही पंडित नाही. बहुतेक सगळे गुरू उघड्यावर, रानात, वाटेवर भेटणारे. ते पोथीत भेटत नाहीत असं नाही, पण पोथीतला कोळी आणि गवतावरचा कोळी यांत फरक आहे. तो मला वयाच्या पासष्टीनंतर कळला.

आता माझी चूक.

मी गुरुचरित्राचा सप्ताह नेमानं करतो. किती पारायणं झाली त्याची एका वहीत नोंद आहे. कारकुनाची सवय, दुसरं काय! गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात पाचवा दिवस होता. सोवळ्यात, मौन धरून बसलो होतो. पुण्याहून मुलगा-सून मुलांना घेऊन आले होते. धाकटा नातू, तेव्हा पाच वर्षांचा, धावत देवघरात शिरला आणि चौरंगाला अडखळला. पंचपात्री कलंडली, पाणी पोथीवर. मी मौन मोडून त्याच्यावर खेकसलो आणि पाठीत एक धपाटाही घातला. तो रडत स्वयंपाकघरात पळाला. मी पोथी पुसली आणि पुढची ओवी वाचायला घेतली.

पोथीचं पान दोन दिवसांत वाळलं. पोरगा मात्र माझ्याजवळ यायचा थांबला. पुढच्या खेपेला आला तेव्हा दाराशी उभा राहून आजीला विचारायचा, "आबा पोथी वाचतायत का?" मी हाक मारली तर येई, पण लांब बसे. एकदा आमच्या मंडळींना म्हणाला, "आबांना देव आवडतो, मी नाही आवडत." तिनं ते मला सांगितलं आणि वर एवढंच म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा." वर्षभर ते वाक्य माझ्या मनात रुतून होतं. वहीत त्या सप्ताहापुढं मी 'पूर्ण' असं लिहिलं होतं. पण ते खरं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

म्हणून या दिवाळीत मीच म्हटलं, चला, नाणेघाटात जाऊ. आमच्या जुन्नरपासून साधारण तीस किलोमीटर. गाडी घाटघरच्या पुढं पठारावर जाते, मग थोडं चालणं आणि एक अरुंद घळीतली पायऱ्यांची उतरण. मुलगा, सून, आठ वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू आणि काठी घेतलेला मी.

ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल बैलांवर, गाढवांवर लादून याच घाटानं वर जुन्नरला आणि पुढं पैठणकडं जायचा. सातवाहन राजांनी डोंगर फोडून हा मार्ग केला. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. मी आदल्या रात्री पुस्तकं काढून टिपणं केली होती. म्हटलं, मुलांना व्यवस्थित समजावून सांगू.

पण माझी टिपणं खिशातच राहिली. दहा पावलं गेलो की नातू खाली बसायचा. गवतावर कोळ्याचं जाळं, त्यावर दवाचे थेंब. "आबा, यानं दोरा कुठून आणला?" तो वर्षभरानं आपणहून माझ्याशी बोलला, तो असा. मी म्हटलं, "त्याच्याच पोटातून." तो थक्क झाला. "दुकानातून नाही?" मला एकदम आठवलं, अवधूताचा तेविसावा गुरू! कोळी आपल्यातूनच धागा काढतो, त्यावर खेळतो आणि मग तो गिळून टाकतो. तसाच ईश्वर हे विश्व आपल्यातून काढतो आणि आपल्यातच घेतो. ही ओळ मी कितीदा वाचली असेल. पण दोरा कुठून आणला, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. प्रश्न पडल्याशिवाय उत्तराला गोडी नाही.

मग आम्ही खेळच लावला. दत्तगुरूंचे गुरू शोधायचे. नात मोजणार, मी नाव सांगणार. कड्याच्या कपारीत कबुतरं घुमत होती, तो एक. आकाशात घार स्थिर तरंगत होती. कुरर म्हणजे शिकारी पक्षीच, म्हणून तिलाही धरलं. वारा तर एवढा की माझी टोपी उडाली, मुलं खदखदून हसली. समोर जीवधन आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका, त्यांना पृथ्वी म्हणून घेतलं. अवधूतानं पृथ्वीकडून क्षमा शिकली, लोक तुडवतात तरी ती आपलं व्रत सोडत नाही. हे नातीला सांगताना माझा आवाज जरा अडखळला, कारण क्षमा मागायची बाकी कोणाची होती ते मला माहीत होतं.

कड्याला आग्या मोहोळ लटकलं होतं. सुनेनं मुलांना तोंडावर बोट ठेवायला लावलं, ते बरोबरच. तिथं आरडाओरडा, धूर, दगड मारणं जिवावर बेततं. हळूच पुढं गेल्यावर मी गोष्ट सांगितली. मधमाशी फुलाफुलांतून थोडं थोडं घेते, फुलाला दुखवत नाही. हा एक धडा. पण ती साठवते, आणि मध काढणारा येऊन सगळं घेऊन जातो. हा दुसरा धडा, आणि तो काढणाराही गुरूच. मंडळी, बँकेत मी हे रोज पाहिलं. पोटाला चिमटा घेऊन ठेवलेल्या मुदत ठेवी, वारसाचं नाव नाही, आणि मग भाऊ-भाऊ काउंटरसमोर उभे राहून एकमेकांचं तोंड बघत नसत. अवधूताला हे सगळं माहीत होतं.

कबुतराची गोष्ट मात्र मुलांना अर्धीच सांगितली. कबुतर-कबुतरी पिल्लांवर जीव टाकत होती. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडली, त्यांच्यामागं आई गेली, आणि शोकानं बापानंही स्वतःला जाळ्यात झोकून दिलं. अवधूत सांगतो, कुटुंबात एवढं गुंतू नये. इथं आपल्यातले पुष्कळ ज्येष्ठ म्हणतील, "अहो, मग नातवंडांत रमणं ही आसक्तीच की! म्हातारपणी पोथी धरावी, पोरं कशाला?" मीही असंच समजत होतो. पण त्या वाटेवर विचार केला, गेल्या वर्षी मी जाळ्यात सापडलो तो कशाच्या? नातवाच्या मायेच्या? नाही. मी सापडलो 'माझ्या' पारायणाच्या, 'माझ्या' नेमाच्या, वहीतल्या 'माझ्या' आकड्याच्या. राग तिथूनच आला. आसक्ती प्रपंचातच असते असं नाही, ती देवघरातही सोवळं नेसून बसते. आणि ती तिथं ओळखू येत नाही, हेच तिचं वाईट.

आता घळ लागली. पायऱ्या दगडी, उंच-सखल, काही झिजून गुळगुळीत. माझा उजवा गुडघा धड नाही. चार पायऱ्या उतरलो आणि पाय थरथरू लागला. मुलगा सुनेसोबत पुढं, नात त्यांच्यामागं. वरती परतावं तर लाज, खाली जावं तर भीती. तेवढ्यात धाकटा मागं वळला. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आबा, बसून उतरा ना. मी असाच उतरतो. पँट मळते, पण पडत नाही." आणि त्यानं बसून, दोन्ही हात टेकून, एक पायरी उतरून दाखवलं. मग वर हात केला.

मी बसलो. अशा वयात, लोकांदेखत, पार्श्वभाग टेकून पायरी पायरी उतरलो. तो प्रत्येक पायरीला "हां, आता हा पाय" असं सांगत होता. माझा मान गेला म्हणावं तर गेला. पण मी सुखरूप खाली पोचलो.

खाली लेण्याच्या तोंडाशी आम्ही दोघंच टेकलो. मी म्हटलं, "बाळा, गेल्या वर्षी पोथी वाचताना मी तुझ्यावर ओरडलो, मारलं. चुकलं माझं." त्यानं जरा विचार केला. म्हणाला, "मी तुमच्या दत्ताला फुलं आणली होती. शेवंतीची. ती सांडली."

मंडळी, मी त्या दिवशी त्याच्या मुठीकडं पाहिलंच नव्हतं. पोथी पाहिली, पाणी पाहिलं, मोडलेलं मौन पाहिलं. मूठ पाहिली नाही. मला बोलता येईना. तो मात्र दुसऱ्याच क्षणी उठला आणि म्हणाला, "आबा, तिथं बघा, मातीचं घर!" लेण्याच्या दगडाला कुंभारीण माशीनं चिखलाचं घरटं केलं होतं. चोविसावा गुरू. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. त्यानं मनात ठेवलं होतं ते फुलं सांडल्याचं दुःख. माझ्याविषयी डूख नव्हताच.

भागवतात अवधूत लहान मुलाविषयी काय सांगतो? मला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही, मी मुलासारखा आपल्यातच रमून फिरतो. आणि पुढं म्हणतो की चिंतेतून सुटलेले जगात दोघंच, एक अजाण बालक आणि दुसरा गुणांच्या पलीकडं गेलेला पुरुष. आपण त्या दुसऱ्यापाशी पोचायला पारायणं करतो, आणि पहिला आपल्या घरात धावत असतो तर त्याला हाकलतो.

लेण्यातही एक शिकायला मिळालं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा. राजसूय, अश्वमेध असे कितीतरी यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली त्याचा हिशेब त्यात आहे. गाई, घोडे, हत्ती, गावं, वस्त्रं, कार्षापण नाणी. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात मोडतात; आम्हा हिशेबनीसांना तर ते तीर्थच! पण त्याच लेखात राणीचं वर्णन आहे ते महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तप करणारी असं. घरातली तपस्विनी! रानात गेली नाही. मुलांची आई म्हणून, राज्याचा संसार सांभाळून तप केलं. आपण गृहस्थांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते. वर नावं आहेत, पुतळे राहिले नाहीत. तळाशी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. नात म्हणाली, "आबा, वाडीला असतात तशा पादुका!" मी क्षणभर गप्प झालो. नृसिंहवाडीच्या मनोहर पादुका, औदुंबरच्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका यांच्यापुढं आजही रांगा लागतात. आणि ज्यांनी हा डोंगर फोडला, हजारोंनी दानं दिली, त्यांच्या पावलांपुढं फूलही नाही. राजांनी केलेलं काम थोर होतं, त्याच वाटेनं आम्ही गेलो, त्यांचा उपकारच आहे. पण मोजून दिलेल्याचा लेख उरतो, आणि आपलेपणानं चाललेल्याची पावलं पूजली जातात. श्रीगुरू वाडीला बारा वर्षं राहिले ते लोकांची दुःखं ऐकत, त्यांच्या पंगतीला बसत.

परत वर आल्यावर रांजणापाशी नातवानं विचारलं, "आपण वाटेनं आलो, मग आपण काय टाकायचं?" मुलगा म्हणाला, "आता जकात नाही रे." त्याला ते पटलं नाही. खिशातून दिवसभर जपलेलं कबुतराचं पीस काढलं आणि रांजणाच्या काठावर ठेवलं. वाऱ्यानं ते लगेच उडवलं. तो हसला. मला वाटलं, मी इतकी वर्षं जो भरणा केला त्याची पावती मागत बसलो.

आता सांगायचं ते एवढंच. दत्तजन्माची कथा आपण दरवर्षी ऐकतो. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात ती आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अनसूयामातेच्या दारी आले. तिनं त्यांना काय केलं? शाप दिला नाही, हाकललं नाही. बाळं केलं आणि कुशीत घेतलं. म्हणजे आपला देव आधी मूल झाला, मग आपल्याला मिळाला. मार्गशीर्ष पौर्णिमेला दिवस मावळताना आपण मंदिरात पाळणा हलवतो, त्या दोरीला हात लागावा म्हणून पुढं-मागं होतो. आणि घरी चालतं-बोलतं मूल फुलं घेऊन येतं, तेव्हा आपण मौनात असतो. मी होतो. म्हणून सांगतो.

नेम सोडा असं मी म्हणत नाही. सोवळं, मौन, सप्ताह, सगळं पाळा, मीही पाळणार. पण यंदा मी बसण्याआधी नातवाला हाक मारणार आहे. फुलं तो वाहील, मग मी पोथी उघडीन. आणि ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन आपल्या जवळची एखादी जुनी वाट चालावी. प्रत्येक गावाला घाट, लेणं, बारव, देवराई काहीतरी असतंच. सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर घ्या, पायात धड चप्पल-बूट असू द्या. पावसाळ्यात निसरड्या घळीत मुलांना नेऊ नका, माकडांना खायला घालू नका, मोहोळाखाली गप्प राहा, जुन्या लेखांना हात लावू नका आणि आपला कचरा आपण परत आणा. पोहोचण्याची घाई करू नका. मूल जिथं बसेल तिथं आपणही बसा. चोविसांतले किती भेटतात ते मोजा. आम्हाला त्या दिवशी नऊ भेटले असं नातीनं वहीत लिहिलंय. पण तिनं मूल धरलं नव्हतं. मी परत येताना गाडीत तिला म्हटलं, "दहा कर." "दहावा कोण?" तिनं विचारलं. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, म्हणून मी बोटानंच दाखवलं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!